स्पिरिट लावायचं नाही

रात्रीचे पावणेदोन. मुंढव्याच्या नाकाबंदीतून आणलेला मुलगा
ससूनच्या स्टुलावर बसतो, बाही स्वतःच वर करतो.
सोबत नलावडे हवालदार,
खिशात फुंकायच्या मशीनची सुरळी झालेली पावती.

मी कापूस उचलते आणि परत ठेवते.
पंधरा वर्षं झाली, हात अजून
सवयीनं त्या निळ्या बाटलीकडे जातो.
या रक्ताला स्पिरिट लावायचं नाही.
लावलं, तर वकील कोर्टात विचारतो,
दारू आरोपीच्या रक्तात होती, बाई, की तुमच्या कापसात?
म्हणून साबण, पाणी, कोरडा गॉज.
मला आवडतो हा नियम.
कुणाचा दोष कुणाला चिकटू नये म्हणून
एवढी काळजी कुठे घेतात एरवी.

किती येईल, सिस्टर?
मला नाही कळत. लॅबवाले सांगतील.
दोनच बिअर होत्या हो.
दोनच असतात. पंधरा वर्षांत
तीन बिअर प्यायलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम.
एकतीस आलं तर कलम एकशे पंच्याऐंशी,
दंड, लायसन, शिवाजीनगरच्या कोर्टात तारखा.
एकोणतीस आलं तर जा घरी.
मधे दोन मिलिग्रॅम. साखर असती तर तीन-चार दाणे,
एका मुंगीचा नाश्ता.

आमच्या घरी मशीन नव्हतं.
बाबा खडकीच्या फॅक्टरीतून पाचला सुटायचे
आणि हॅरिस पूल ओलांडून दापोडीला पोचायचे
कधी आठला, कधी अकराला. लुनावर.
आई पोळ्या लाटता लाटता कान बाहेर ठेवायची.
एका झटक्यात लुना स्टँडवर चढली, तर आमटी गरम करायला घ्यायची.
दोन झटके लागले तर ताट वाढायचं, बोलायचं नाही.
तिसरा ऐकू आला की आम्ही दप्तरांसकट
मधल्या खोलीत, बाहेरून कडी.
ही मर्यादा तिनं स्वतःच ठरवली होती.
तिला कुणी पावती दिली नाही, पंच बोलावले नाहीत,
आणि तिचा अंदाज एकदाही चुकला नाही.

एका रात्री मी मोजत होते: चार.
मग बोलणं नाही, ओरडणं नाही,
नुसता अंगणातल्या नळाचा आवाज, बराच वेळ.
कडीच्या फटीतून दिसलं,
बाबा उकिडवे बसून लुनाचं पुढचं चाक धूत होते
आणि आई कंदील धरून उभी होती.
सकाळी पेपर आला. आईनं दारातच उभ्यानं वाचला,
शेवटच्या पानापर्यंत,
आणि बंबात घातला.
त्यात काही होतं की नव्हतं,
मला आजही माहीत नाही.
आई आता ऐंशीची आहे. मी विचारलेलं नाही.

सुई आत जाते. मुलगा दुसरीकडे बघतो.
राखाडी टोपणाची बाटली, तळाशी पांढरी पूड,
रक्त आहे तसं राहावं म्हणून.
दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची.
नाव: सौमित्र रणपिसे. वय बावीस.
वेळ: एक त्रेपन्न.

दारात एक बाई येऊन उभी राहते.
गाऊनवर ओढणी, पायांत दोन वेगळ्या चपला.
मुलाकडे ती बघतच नाही.
हवालदारांना विचारते,
गाडीला काही लागलंय का?
म्हणजे पुढून?

नाही हो मावशी, नुसता धरलाय.

ती भिंतीला टेकते, तशीच खाली बसते.
मी मेणबत्तीवर लाख धरते, बाटलीच्या तोंडावर थेंब सोडते,
शिक्का दाबते
आणि गार होईपर्यंत दाबूनच ठेवते.